खंडू आप्पांनी फोन दिला नाही, त्याबद्दल आभार

इनामगाव, ता. शिरूर

वडिलकीच्या नात्यानं ज्यांच्या पाया पडावं आणि मैत्रीच्या नात्यानं ज्यांच्याकडं तंबाखू मागावी, असे वरवंडचे खंडू आप्पा, तुम्हाला इनामगावच्या आनंदरावाचा रामराम.

पहिली चौकशी डोळ्याची. थेंब दिवसातून तीन वेळा पडतात का, उशीवर पडतात की डोळ्यात पडतात, आणि काळा चष्मा नाकावर असतो की दावणीच्या खुंटीवर, हे तिन्ही सविस्तर कळवावं. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू कधी काढणार तेही कळवा, म्हणजे त्या वेळी मी भेटायला येणार नाही. (यातली गंमत पुढं कळेल.) तुमचा नवा चष्मा येईस्तोवर हे पत्र सूनबाई अनिता वाचून दाखवतील हे मी धरून चाललोय. सूनबाई, चौतीस वर्षं पोस्टमनकी केली, तेव्हा निम्म्या गावाला पत्रं मीच वाचून दाखवायचो. त्या अनुभवावरून सांगतो, कंसातला मजकूर आप्पांसाठी नाही, तो मनात वाचावा. काही कंस तुमच्यासाठीही नाहीत, पण त्याला इलाज नाही. आमच्याकडं सर्व ठीक. झुंबरबाईची कंबर ठीक, गाय ठीक, ऊस उभा आहे. मी सुद्धा उभाच आहे, कारण झालेल्या प्रकारानंतर घरात मला कोणी बस म्हणालेलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं लांबलचक पत्र कशाला, फोन का नाही केला. आप्पा, गौतमीनं ताकीद दिली आहे की या प्रकरणातला एकही शब्द फोनवर बोलायचा नाही. जिचं पोट फोनवर चालतं त्या पोरीनं बापाला पत्र लिहायला लावावं, याचा मला मनातून फार आनंद झाला, पण तोंडावर दाखवला नाही. शिवाय हे पत्र पाकिटात घालण्याआधी तिनं वाचलेलं आहे. कुठं शाईचा काळा पट्टा दिसला तर तो माझा हात घसरला म्हणून नव्हे.

आता मुळापासून सांगतो. त्या दिवशी तुमच्या वाट्याला मधला तुकडा आला, आणि मी आलो तेव्हा मला घाम इतका सुटला होता की तुमचे धड आभारही मानले नाहीत. गौतमी पुण्याला ज्या कंपनीत आहे ती सरकारी कचेऱ्यांसाठी आणि लष्करासाठी फोन बनवते, एवढं सांगायला परवानगी आहे. आपल्या फोनसारखाच फोन, पण त्यात फोटो निघत नाही, गाणं वाजत नाही, बाहेरचं काही आत घेता येत नाही. मी तिला विचारलं, मग त्यात आहे काय? ती म्हणाली, आबा, त्यात काय नाही हेच त्याचं काम आहे. दोन माणसं बोलली तर तिसऱ्याला ऐकू जात नाही. यादीतल्या नंबरांशिवाय कोणाचा फोन लागत नाही. आणि अंगठा किंवा आकडा दहा वेळा चुकला की आतलं सगळं आपोआप पुसलं जातं, पाटी कोरी. असे पाच फोन आठ महिने चाचणीला होते. कुठं तापतात, कुठं रेंज सुटते, सुटल्यावर काय करतात, सगळ्याची नोंद त्या त्या फोनातच. पुढच्या आठवड्यात लष्कराचे साहेब ते बघायला येणार होते. आपल्या घोडनदीच्या काठाला रेंज येते आणि जाते, येते आणि जाते, म्हणून गौतमी पाचातला एक फोन घेऊन दोन दिवस घरी आली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्या गावच्या रेंजचं कौतुक केलं. फोन दिसायला कसा होता ते (इथली दीड ओळ गौतमीनं काळी केली. त्यात फक्त फोनचा रंग लिहिला होता. तो रंग तिनं वापरलेल्या शाईचाच आहे.) आणि माझा फोनही हुबेहूब तसाच.

तरी एकवेळ ओळखू आला असता. पण आमच्या झुंबरबाईला वाटलं, सरकारी वस्तूला ओरखडा नको. तिनं खणाच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली, बंद ओढायची, कडेला मणी. मग तिला वाटलं, नवरा नाराज होईल. म्हणून माझ्या फोनलाही तशीच शिवली, तोच खण, तेच मणी. दोन्ही पिशव्या फडताळात शेजारी शेजारी. गौतमीनं रात्री बजावलं होतं, आबा, माझ्या फोनला हात लावू नका. मी लावला नाही. मी पिशवीला हात लावला.

त्या दिवशी तळेगावचा बाजार होता, आणि मी घरात सांगितलं की वांग्याची रोपं आणायला तळेगावला जातो. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. आधी वरवंडला तुमच्याकडं यायचं आणि मग बाजार, असा माझा बेत होता. ते का सांगितलं नाही, तर आपण दोघं बसलो की काय होतं हे झुंबरबाईला ठाऊक आहे आणि डॉक्टरांनी काय बंद केलंय हेही ठाऊक आहे. (सूनबाई, हा तो कंस. जमलं तर गाळा.) कांद्याच्या टेम्पोत बसून पारगावच्या पुलावरून चौफुल्याला उतरलो आणि नऊच्या सुमारास तुमच्या ओट्यावर होतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण सूनबाई मधूनमधून आत होत्या म्हणून लिहितो. मला तुम्हाला उसाचा फोटो दाखवायचा होता. तुम्हाला दिसणार नव्हता हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि दिसत नाही हे तुम्ही बोलला नाहीत, याला मी मैत्री म्हणतो. फोन काही उघडेना. मी अंगठा लावला, पुसून लावला, धोतराला घासून लावला, डावा लावला. सात वेळा. तुम्ही म्हणालात, चुन्यानं तुमचा अंगठा घासलाय, माझा लावून बघा. तुमचा दोनदा लावला. दर वेळी फोनवर इंग्रजीत काहीतरी तांबडं उमटायचं. माझा चष्मा घरी, तुमचा डोळा दवाखान्यातून नुकता घरी. मी म्हणालो, बॅटरी उतरली असेल. तेवढ्यात सूनबाईंच्या बांगड्या वाजल्या म्हणून आपण तंबाखूची डबी गोधडीखाली सारली, तिच्याबरोबर माझ्या हातातली पिशवीही गेली. निघताना डबी मात्र मी आठवणीनं घेतली. साडेदहाला चौफुल्याची जीप पकडली आणि खुशाल तळेगावच्या रस्त्याला लागलो. त्या जीपमध्ये मला झोपही लागली. एवढ्या मोठ्या जबाबदारीतून सुटल्यावर माणसाला झोप लागतेच, फक्त मला ते माहीत नव्हतं.

इकडं गौतमी नदीवर गेली, पिशवीचा बंद ओढला आणि आतून निघाला माझा फोन, त्याच्यावर आमच्या गायीचा फोटो. ती धावतच घरी आली. नियम असा, की फोन ताब्यातून गेल्याचं कळल्यापासून तीन तासांत वरच्यांना कळवायचं. कळवलं की ते तिथून फोन कोरा करणार, नोंदी जाणार, चाचणी बुडणार, साहेब लोकांना चारच फोन दिसणार आणि पाचव्याचं काय झालं हे तिला उभं राहून सांगावं लागणार. तिनं तिच्या आईला विचारलं, आबा कुठं गेले? तळेगावला. आबांना फोन करावा तर आबांचा फोन हातात. सरकारी फोनवर करावा तर यादीबाहेरचा नंबर लागत नाही. तो तिनंच तसा केला होता. मग तिनं तिच्याबरोबर काम करणाऱ्या सत्यजीतला सांगितलं, कारण पाचातला दुसरा फोन त्याच्याकडं होता. त्यानं लावला, आणि तुमच्या गोधडीखाली तो वाजला.

आप्पा, ते बोलणं मी आता दोन बाजूंनी ऐकलंय, तुमच्याकडून आणि त्याच्याकडून गौतमीमार्फत, आणि दोन्हीकडचं शब्दाला शब्द जुळतं. त्यानं विचारलं, आपण कोण बोलताय? तुम्ही म्हणालात, "तू फोन केलास, तू सांग." तो म्हणाला, मी पुण्याहून बोलतोय, तुमच्या हातातला फोन सरकारी कामाचा आहे. तुम्ही म्हणालात, "कसलं काम?" तो म्हणाला, ते सांगता येणार नाही. "कुठल्या हापिसातनं?" तेही सांगता येणार नाही. आता सूनबाईंनी तुम्हाला महिनाभर शिकवून ठेवलेलं, की सरकारचं नाव घेऊन, गडबड करून, नीट काही न सांगता जो बोलतो तो चोर. बिचाऱ्यानं चोराचे तिन्ही गुण एका मिनिटात दाखवले. त्यानं विचारलं, निदान गाव कोणतं ते सांगा. तुम्ही म्हणालात, "आमचंच."

बरं, दुसऱ्या कोणी फोन ठेवून दिला असता. तुम्ही त्याला वीस मिनिटं धरून ठेवलंत. "आवाजावरनं चांगल्या घरचा वाटतूयास. आईबाप हाईत का? मग असलं धंदं कशापायी? कांदा काढाया माणूस मिळंना झालंय, ये हिकडं, रोजानं लावतो, दुपारची भाकरी देतो." यावर त्यानं हुशारीनं विचारलं, येतो काका, कुठं येऊ? आणि तुम्ही म्हणालात, "त्ये सांगत न्हाई." मग तुम्ही त्याला जेवलास का विचारलंत आणि पुन्हा वाजू नये म्हणून फोन घोंगडीत गुंडाळून लोखंडी ट्रंकेत घातलात, कुलूप लावलंत, किल्ली करदोड्याला. त्यानंतर त्या फोनची रेंज गेली ती गेलीच. आठ महिन्यांच्या चाचणीत रेंज इतकी पक्की कुठंच गेली नव्हती म्हणे.

गौतमी तोवर स्कूटीवर तळेगावला पोचलेली. मी बाजारात रोपं घेतली, डबी काढायला खिशात हात घातला आणि पिशवी नाही हे ध्यानात आलं. मला वाटलं जीपमध्ये कोणी मारली. एका रोपवाल्याचा फोन मागितला आणि माझ्याच नंबरला लावला. एका बाईनं उचलला. बाजाराचा कालवा, शेजारी ढेकणाच्या औषधवाल्याचा भोंगा, मला धड ऐकू येईना. मी सुरुवातीला सभ्यपणे म्हणालो, बाई, माझा फोन परत करा. ती काहीतरी घाईघाईनं बोलायला लागली. मी तिला थांबवलं आणि म्हणालो, तुझ्या आईबापानं तुला हेच शिकवलं का? तुझा बाप कोण आहे ते मला बघायचंय. (हे मी खरंच म्हणालो.) एवढ्यात माझ्या लक्षात आलं, की तोच ढेकणाचा भोंगा फोनमधूनही ऐकू येतोय. म्हणजे चोर बाजारातच. भोंग्याच्या पलीकडं बघतो तर तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक पोरगी, कानाला फोन, मनगटात माझी खणाची पिशवी अडकवलेली. मी धावत जाऊन तिचा हात धरला आणि माणसं गोळा केली. पाचपंचवीस माणसं जमल्यावर तिनं स्कार्फ सोडला आणि म्हणाली, "आबा, मी गौतमी."

जमलेल्यांना काय वाटलं ते सोडा. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. चौथीत गणितात नापास झाली तेव्हाही ही पोर रडली नव्हती. तिनं एकच विचारलं, "दुसरी पिशवी कुठंय?" मला सकाळपासूनचं सगळं सांगावं लागलं, वरवंडसकट, गोधडीसकट. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझा फोन माझ्या हातात ठेवला, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, तुम्ही जीपनं या. मी मागं बसलो की तिला स्कूटी चालवता येत नाही, कारण वळणावर मी पायानं ब्रेक लावतो.

सव्वा वाजता ती तुमच्या ओट्यावर. सूनबाई कांद्यात, घरात तुम्ही एकटे. आप्पा, माझी पोर त्या फोनाच्या कुलपावर तीन वर्षं काम करतेय. खोटा माणूस कसा आत शिरेल आणि त्याला कसं अडवायचं, याचा पगार घेते. आणि तिला तुम्ही अडवलंत. ती म्हणाली, मी आनंदरावांची गौतमी, आबांचा फोन न्यायला आलेय. तुम्ही म्हणालात, "आसशील. मला दिसत न्हाई." तिनं ओळखपत्र पुढं केलं. तुम्ही ते हातानं चाचपलंत आणि म्हणालात, "प्लाष्टिक हाय." तिनं जीपमध्ये मला फोन लावला आणि तुमच्या कानाला दिला. मी घसा फोडून सांगितलं, खंडू आप्पा, मी आनंदराव बोलतोय, पोरीला फोन द्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आवाज तर आता मशीनीतनंबी काढत्यात. अनितानं दावलंय मला." आणि फोन बंद केलात. त्या जीपमध्ये मी किती वेळ हॅलो हॅलो करत होतो ते शेजारच्या बाईला विचारा.

मग तुम्ही तिला सवलत दिलीत. विचारलंत, खरीच गौतमी असशील तर सांग, आमची मेंढरं तुमच्या रानात बसली होती तेव्हा तू जे कोकरू कणगीत लपवलं होतंस, त्याचं नाव काय ठेवलं होतंस? आठ वर्षांची होती. कळप निघाला तेव्हा त्या कोकराला धरून दोन दिवस जेवली नव्हती, आणि आता नाव आठवेना. तिनं सोनी सांगितलं. चुकलं. मोती सांगितलं. चुकलं. कापशी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तीनदा चुकलीस. आता बाप आल्याबिगर न्हाई. च्या घेतीस का?" माझी पोर मला नंतर म्हणाली, आबा, आम्ही दहा संधी देतो, ते तीनच देतात.

आता जे सांगतो ते तुम्ही चहाचं आधण ठेवत होतात तेव्हा झालं, म्हणून तुम्हाला माहीत नसेल. तीन तास संपायला दहा मिनिटं उरली होती. सत्यजीतनं तिला निरोप दिला होता, की फोन कुठं आहे ते तर आता कळलंय, तासाभरात हातात येईल, कोणाला कळवायची गरज नाही, मी बोलणार नाही. तो तिच्या काळजीनं बोलला. गौतमी तुमच्या ओट्यावर बसून त्या निरोपाकडं बघत राहिली. समोर भिंतीवर तुमच्या ज्ञानेशचा वर्दीतला फोटो. तिला ठाऊक होतं की तो सीमेवर आहे आणि कुठं आहे ते तुम्हालाही सांगत नाही. ती मला म्हणाली, आबा, आठ महिने मी तो फोन कोणासाठी करतेय ते माझ्यासमोर टांगलेलं होतं, मग मला गप्प बसता येईना. तिनं वरच्या अनुपमा मॅडमना फोन लावला आणि पहिल्यापासून सांगितलं, पिशव्यांसकट. मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, आत्ता फोन कोणाकडं आहे? ती म्हणाली, एका बहात्तर वर्षांच्या आप्पांकडं, कुलूपबंद ट्रंकेत. मग काढून घे. ती म्हणाली, ते देत नाहीत. तुलाही नाही? मलाही नाही. मॅडम म्हणाल्या, "मग तिथंच बस. वडील आले की मला सांग. तोवर मी काही पुसत नाही."

मी पोचलो सव्वादोनला, खांद्यावर वांग्याची रोपं. मला वाटलं, आता सुटलो. तुम्ही म्हणालात, "डावा हात हिकडं करा." करंगळीच्या मुळाशी तुमच्या कुत्र्यानं चावल्याचा वण आहे तो तुम्ही बोटानं चाचपलात, दोनदा. सूनबाई, तुम्ही तेव्हा या घरात आला नव्हता म्हणून सांगतो. एकोणीस वर्षांपूर्वी, गौतमी आठ वर्षांची असताना, ज्ञानेशचं भरतीचं पत्र रजिस्टरनं आलं होतं. कळप फिरता, म्हणून पत्ता माझा दिलेला. हजर व्हायला दोनच दिवस होते. आप्पांचे भाऊ न्हावऱ्याला भेटले, म्हणाले माझ्याकडं द्या, पोचवतो. मी दिलं नाही. रजिस्टर ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं, भाऊ असो की कोणी असो. सायकलवर भीमेच्या काठानं विचारत विचारत गेलो, अंधार पडता पडता कळप सापडला आणि आधी कुत्र्यानं मला गाठलं. मला वाटलं होतं, ही गोष्ट फक्त माझ्या करंगळीला आठवते.

आप्पा, तुम्ही करदोड्याची किल्ली काढलीत, ट्रंक उघडलीत, घोंगडी सोडलीत आणि पिशवी माझ्या दोन्ही हातांत ठेवलीत. म्हणालात, "तवा तुमी माज्या भावाला दिलं न्हाई. मी तुमच्या पोरीला कसं द्यावं?" आणि मग गौतमीकडं वळून म्हणालात, "रजिस्टर. कोकराचं नाव रजिस्टर ठेवलं हुतंस तू." तेव्हा ती हसली आणि मग रडली. मी रोपांना पाणी मारायला मागं गेलो, कारण तिथं माझं काही काम नव्हतं.

फोन उघडून बघितला तर नऊ वेळा चुकलेला. सात माझे, दोन तुमचे, एक उरला होता. तुम्ही म्हणालात, वाजायचा बंद व्हावा म्हणून मी अंगठा लावणारच होतो, पण ट्रंक जवळ होती. ती ट्रंक ओट्याजवळ ठेवल्याबद्दल सूनबाईंचे वेगळे आभार.

पुढचं थोडक्यात. गौतमीला लेखी समज मिळाली, वर्षभर कुठलाही फोन कचेरीबाहेर न्यायचा नाही. ते रास्तच आहे आणि तीही रास्त म्हणते. चाचणी मात्र वाचली. साहेब लोक आले, पाचही फोन बघितले, आणि मॅडमनी तिला मागच्या खुर्चीत का होईना, बसवलं. तिनं स्वतःहून कळवलं नसतं तर खुर्ची राहिली नसती, असं मॅडमनीच तिला सांगितलं. आणि एक बदल झाला. चुकीच्या अंगठ्यानंतर इंग्रजीत जे तांबडं उमटायचं, ते आता मराठी-हिंदीतही आणि मोठ्या अक्षरात उमटणार आहे. हे तुमच्या दोन अंगठ्यांमुळं झालं. माझ्या सातांचं कोणी नाव काढत नाही.

आप्पा, मी त्या दिवशी जीपमध्ये तुमच्यावर चिडलो होतो, ते कबूल करतो. आता रोज सकाळी त्या फडताळाकडं बघितलं की तुमची आठवण येते. पोरीची नोकरी राहिली, आणि त्याहून मोठं म्हणजे ती खाली मान घालून राहिली नाही, हे तुमच्या ओट्यावर झालं. हे ऋण नाही म्हणत मी, तुम्हाला तो शब्द आवडत नाही. एवढंच म्हणतो, की तुम्ही आहात हे फार बरं आहे. थेंब वेळेवर घाला. सूनबाईंना आशीर्वाद, ज्ञानेशला कळवाल तेव्हा माझा रामराम कळवा, कुठं आहे ते विचारू नका.

तुमचा,
आनंदराव (करंगळीवाला)

ता. क. झुंबरबाईनं तुमच्यासाठीही खणाची पिशवी शिवलीय. मी तिला विनंती करून ती हिरव्या कापडाची करून घेतली. सोबत पाठवतोय.

ता. क. दुसरा. हे गौतमीनं वाचलेलं नाही. न्हावऱ्याच्या पोस्टात उभा राहून लिहितोय, पाकीट अजून चिकटवलेलं नाही. सूनबाई, हे मोठ्यानं वाचा. तो सत्यजीत, ज्याला तुम्ही कांदा काढायला बोलावलंत, त्याच्याशी लग्न करायचं गौतमीच्या मनात आहे. ते तिनं परवा सांगितलं. येत्या रविवारी तो घरी येतोय. आमच्यापैकी कोणी त्याला बघितलेलं नाही, त्याच्याशी बोललेलं नाही. बोललात ते फक्त तुम्ही, आणि तेही वीस मिनिटं, त्याला चोर समजून. मला तेवढंच कळवा, की तुम्ही त्याला इतकं बोललात तेव्हा त्याचा आवाज एकदा तरी चढला का? आणि जेवलास का विचारलंत तेव्हा तो काय म्हणाला? शक्य असेल तर सूनबाईंना घेऊन रविवारी सकाळीच या आणि माझ्या शेजारी बसा.

तुम्ही हो म्हणालात तर मी हो म्हणेन. नाही म्हणालात तरी बहुतेक हो म्हणावं लागेल, झुंबरबाईनं कालच पुरणाची डाळ निवडून ठेवलीय. पण तुम्ही हो म्हणालात तर मनापासून म्हणेन.